एका गल्लीत सात कारखाने, तरी सगळ्यांचा धंदा चालतो!



मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं होतं, "सर, मी दोन वर्षं घरी मसाले करून विकतेय. आता आमच्याच गल्लीत दुसऱ्या एका बाईंनी तेच सुरू केलंय. भाव कमी करू का?" पापडवाले, केकवाले, शिवणकामवाले, सगळेच फिरून फिरून हाच प्रश्न विचारतात. दोन ओळींच्या उत्तरात हे भागणार नाही, म्हणून आज तुम्हाला जपानमधल्या एका जुन्या गावात घेऊन जातो.

गावाचं नाव सायजो. हिरोशिमाहून लोकल ट्रेननं साधारण 40 मिनिटं. पूर्वी हे राजमार्गावरचं मुक्कामाचं गाव होतं, आज ते हिगाशी हिरोशिमा शहरात येतं. इथे साके बनते. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानची पारंपरिक दारू. तुम्ही घेत नसाल तरी वाचा, आपण धंदा बघायला चाललोय!

स्टेशनबाहेर पडून थोडं चाललात की पांढऱ्या भिंतींचे जुने वाडे आणि लाल विटांची उंच धुराडी दिसायला लागतात. धुराड्यांवर ब्रँडचं नाव रंगवलेलं असतं. पायी फिरता येईल एवढ्या जागेत सात कारखाने आहेत. त्यातला हाकुबोतान 1675 पासून चालू आहे. दारावर सुगी नावाच्या झाडाच्या डहाळ्यांचा मोठा गोल चेंडू टांगलेला असतो. नवी साके तयार झाली की हिरवागार चेंडू लावतात. तो वाळून तपकिरी होत गेला की समजायचं, साके मुरत चालली. जाहिरात नाही, बोर्ड नाही, तरी गिऱ्हाइकाला निरोप पोचतो.

बऱ्याच ठिकाणी छोट्या पेल्यात चव बघता येते. काही कारखान्यांच्या विहिरीचं पाणी लोकांना भरून नेता येतं. म्हणजे ज्या पाण्यावर धंदा उभा आहे, तेच पाणी लोकांसाठी मोकळं!

आता मुद्द्याचं बोलू. सात स्पर्धक एकमेकांना लागून बसलेत, मग एकमेकांना बुडवत कसे नाहीत?

याचं एक उत्तर जवळच्याच मित्सु गावात सापडतं. तिथे मिउरा सेन्झाबुरो नावाचे गृहस्थ होते. 1876 मध्ये त्यांनी साकेचा धंदा सुरू केला आणि पुढची काही वर्षं माल वारंवार नासत राहिला. विचार करा, वर्षभराचा तांदूळ, मजुरी, सगळं पाण्यात. तेव्हा नादा या भागाची साके सगळ्यात नावाजलेली. मिउरांनी तिथली पद्धत शिकून घेतली, तरी जमेना. शेवटी लक्षात आलं की फरक पाण्यात आहे. नादाचं पाणी जड, त्यातल्या क्षारांवर यीस्ट जोरात वाढतं. मिउरांकडचं पाणी हलकं, त्यात आंबण्याची क्रिया रेंगाळते आणि माल बिघडतो.

त्यांनी पाण्याला दोष देणं सोडलं आणि पद्धत बदलली. वाफवलेल्या तांदळावर जी कोजी बुरशी वाढवतात, ती नीट आतपर्यंत मुरू दिली. तापमान कमी ठेवलं आणि माल सावकाश आंबवला. साके मऊ आणि सुवासिक झाली. 'शंभर प्रयोग, हजार सुधारणा' हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं.

पण मला त्यांचं याच्या पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं. एवढ्या वर्षांच्या नुकसानीतून हाती आलेली पद्धत त्यांनी कुलपात ठेवली नाही. 1898 मध्ये पुस्तक छापून सगळ्यांना सांगितली आणि कारागीर तयार केले. 1907 च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या साकेनं वरचे नंबर मारले. एका माणसाचा ब्रँड होण्याऐवजी अख्ख्या भागाचं नाव झालं.

सायजोतही तेच दिसतं. फुकुबिजिन या कारखान्याला लोक 'साकेची शाळा' म्हणत, कारण बाहेरगावचे कारागीर तिथे शिकायला येत. ऑक्टोबरमधल्या साके महोत्सवाला 1990 पासून सगळं गाव एकत्र येतं, आणि त्यात जपानभरच्या शेकडो साके चाखायला ठेवतात. स्वतःच्या अंगणात देशभरचे स्पर्धक बोलावतात! गर्दी लाखावर जाते.

तुम्ही म्हणाल, "सर, तो जपान. इथे लोक रेसिपी चोरतात." चोरतात, मी नाही म्हणत नाही. पण सायजोवाले तरी कुठे सगळं उघडं टाकतात? चव बघायची जागा मोकळी असते, पण माल बनतो तिथे बहुतेक वेळा प्रवेश नसतो. आत नेलंच, तर नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, खाऊन येऊ नका असं आधी बजावतात, कारण त्यातले जिवाणू कोजी बिघडवू शकतात. काय दाखवायचं आणि काय जपायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलंय. तुम्ही ठरवलंय का?

माझं मत स्पष्ट आहे. ज्या धंद्याची सगळी ताकद एका चिठ्ठीवर लिहिलेल्या प्रमाणात आहे, तो धंदा कच्चा आहे. पद्धत सगळ्यांना माहीत असूनही सायजोत प्रत्येकाची चव वेगळी, कारण हात वेगळा, तांदूळ वेगळा, सवय वेगळी. आपल्याकडे पुण्यात साडी घ्यायची म्हटलं की पाय लक्ष्मी रोडकडेच वळतात. दुकानाला दुकान लागून आहे म्हणूनच ना?

तर ताई, भाव कमी करू नका. आज तुम्ही पाच रुपये उतरवाल, उद्या त्या सात उतरवतील आणि दोघींच्या मिरचीचा दर्जा घसरेल. त्यापेक्षा त्यांच्याकडे चहाला जा. मिरची-धणे एकत्र होलसेलमध्ये घ्या. डंकावाल्याशी दोघींचा मिळून दर ठरवा. तुमचा गोडा मसाला चांगला आणि त्यांचा कांदा-लसूण चांगला असेल, तर एकमेकींकडे गिऱ्हाईक पाठवा. प्रमाण आणि गिऱ्हाइकांची यादी मात्र स्वतःकडे ठेवा. समोरची व्यक्ती फसवणारी निघाली तर? निघू शकते. म्हणून पहिला व्यवहार छोटा आणि रोखीचा करा.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीत दोन रकाने करा. एकात 'मी काय दाखवू शकतो', दुसऱ्यात 'मी काय जपणार'. मग तुमच्या सगळ्यात जवळच्या स्पर्धकाला एक फोन करा. काय बोलणं झालं ते कॉमेंटमध्ये लिहा, मी प्रत्येक कॉमेंट वाचतो.