चालतंय ना? मग राहू दे!

सुट्टीत घरी गेलं की अख्ख्या खानदानाचे कॉम्प्युटर 'जरा बघून' देणं हे इंजिनिअरिंगच्या पोराचं जन्मसिद्ध कर्तव्य! (पोरगं सिव्हिलचं असलं तरी.) गेल्या दिवाळीत मी असाच काकांच्या अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये सापडलो. विंडोज ७, त्यावर क्रोम १०९. पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० लागेल, अशी पट्टी वर झळकत होती. काकांनी सवयीने तिची फुली दाबली आणि जीएसटी भरायला बसले.

"काका, हे बदलायला पाहिजे."

"चालतंय ना? मग राहू दे!"

मला हसू आलं. पण मग त्यांनी पीसीच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेला डोंगल दाखवला. वायरकट मशीनचं सॉफ्टवेअर त्या डोंगलवर चालतं आणि नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हरच नाही. विंडोज बदललं की मशीन बंद, मशीन बंद की सहा जणांचा पगार बंद. आता बोला!

खरं सांगायचं तर लोकांना ही सवय आपणच, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांनीच लावली. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये आणि ७ आला थेट २००६ मध्ये. मधल्या पाच वर्षांत लोकांनी त्या एकाच ब्राउझरच्या मापाने साइट शिवल्या. आपल्या मराठीचंच बघा. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी वर्तमानपत्रांच्या साइट डायनॅमिक फाँटवर चालायच्या. एक्सप्लोररमध्ये बातमी दिसायची, २००४ च्या नव्याकोऱ्या फायरफॉक्समध्ये मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी! 'पद्मा' नावाचं एक्स्टेंशन ती खिचडी युनिकोडमध्ये बदलून द्यायचं, पण ते माहीत असणार किती जणांना? पुढे डिजिटल सही आली ती जावाच्या प्लगइनवर. क्रोमने असली प्लगइन २०१५ मध्ये काढून टाकली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. टेंडर भरणाऱ्याने काय करायचं? जुना ब्राउझर जपून ठेवायचा! तो अडाणी होता म्हणून नव्हे, साइटच तसं सांगत होती म्हणून. शेवटी १५ जून २०२२ ला खुद्द मायक्रोसॉफ्टनेच एक्सप्लोररला निरोप दिला.

असो. तरीही माझं मत स्पष्ट आहे: ज्या ब्राउझरवर बँक आणि मेल उघडता, तो बदलाच. आपल्याला वाटतं, जुना ब्राउझर कालच्याइतकाच आजही सुरक्षित आहे, आपण तर काहीच बदललं नाही. इथेच चुकतं! प्रत्येक अपडेट एक भोक बुजवतं आणि ते भोक कुठे होतं हे साऱ्या जगाला सांगतंही. तुम्ही अपडेट घेतलं नाही तर पत्ता चोराकडे आणि दार उघडं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रांच्या लायब्ररीत असंच भोक सापडलं होतं. नुसतं मुद्दाम बनवलेलं चित्र पानावर आलं, तरी हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. म्हणजे "मी कुठे काय डाउनलोड करतो?" हे उत्तरही गेलं.

काकांकडे आम्ही मधला मार्ग काढला. वायरकटच्या पीसीचं नेट तोडलं. तो आता फक्त मशीनशी बोलतो. जीएसटी, बँक आणि मेलसाठी एक सेकंडहँड पीसी आणला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला होता, म्हणून त्यावर लिनक्स आणि ताजा फायरफॉक्स टाकला. काकांचं रिटर्न ओटीपीवर जातं, त्यामुळे अडलं नाही. डिजिटल सहीचा टोकन असता तर आधी त्याचा ड्रायव्हर शोधावा लागला असता. ड्रॉइंग मात्र आता पेनड्राइव्हने न्यावं लागतं. त्यावरून काका रोज एकदा कुरकुरतात, आणि त्यांचं चूक आहे असंही म्हणवत नाही.

नेट तोडण्याआधी मोठ्या ऐटीत मी त्या जुन्या क्रोमवर आमचा मिनी प्रोजेक्ट उघडून दाखवला होता. अर्धे रंग गायब, मेनू एकावर एक! सीएसएसमध्ये नियमात नियम लिहायची सोय मी बिनधास्त वापरली होती, आणि ती आली क्रोम ११२ पासून. लॅबमध्ये आम्ही चौघांनी फक्त आपापल्या लॅपटॉपवर बघितलं होतं. व्हायवात कुणी विचारलंही नाही.

काका शांतपणे म्हणाले, "हे चालत नाहीये रे. याला काय करायचं?"