उस्मानाबादचा पुरावा, बिदर-कलबुर्गीचा प्रश्न

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात कोणती तपासणी जीव वाचवते, याचे ठोस उत्तर २००९ साली बिदर-कलबुर्गीला लागून असलेल्या उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील अभ्यासातून मिळाले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. केवळ माहिती दिलेल्या, काहीशा लहान गटात ६४. (त्यांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, हा वाद वेगळा.) शेजारच्या बार्शीत तर १९८७ पासून कर्करोग-नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरत आहेत. बसवकल्याण-आळंदमध्ये नुसत्या शिबिरांनी हे साधणार नाही; दोष आढळलेली स्त्री उपचारापर्यंत पोहोचली काय, हे सांगणारी नोंदवही आधी हवी.