माऊसचं चाक अडलं, म्हणून माऊस फेकायचा?

"माऊस खराब झालाय. नवीन मागवलाय. आला की तुमचं काम करतो. पुढच्या आठवड्यात या."

मंडळी, हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या तालुक्यात सापडणं अवघड आहे. दाखल्याच्या काउंटरवर ऐका, ग्रामपंचायतीत ऐका, शाळेच्या ऑफिसात ऐका. आणि आपण पण "बरं साहेब" म्हणून परत एसटीत बसतो. त्या माऊसला नेमकं झालंय तरी काय, हे कुणी विचारत नाही. ना नागरिक, ना साहेब, ना ज्यांनी तो विकला ते दुकानदार.

म्हणून आज मी माऊसवर लिहितोय. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या.

माऊसच्या मधलं ते छोटं चाक. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसमधून ते घराघरांत पोचलं. त्याआधीच्या माऊसला खाली रबरी गोळी असायची. आमच्या वयाच्या लोकांनी सायबर कॅफेत ती गोळी काढून आतल्या रोलरवरचा मळ नखानं खरवडलेला आहे. त्याला कुणी इंजिनियर लागत नव्हता. गोळी गेली, तिच्या जागी लाल दिवा आला, आणि त्या दिवसापासून आपण माऊसकडे सीलबंद देवाच्या मूर्तीसारखं बघायला लागलो. उघडायचा नाही, विचारायचं नाही, बिघडला की विसर्जन.

आता बिघाड समजून घ्या. चाक खाली फिरवलं की पान खाली जायला पाहिजे, पण ते मधेच उडी मारून वर येतं. किंवा चार वेळा फिरवावं तेव्हा एकदा हलतं. शंभरातल्या बहुतेक तक्रारी याच. कारण साधं आहे. चाकाच्या दांडीला एक एन्कोडर जोडलेला असतो. तो कॉम्प्युटरला दोन वेगवेगळे सिग्नल देतो. रस्त्याच्या कडेला थोड्या अंतरावर दोन राखणदार उभे आहेत असं समजा. गाडी आधी पहिल्याला दिसली की ती गावात आली, आधी दुसऱ्याला दिसली की गावाबाहेर गेली. चाकाची दिशा अशीच कळते. आता एका राखणदाराच्या डोळ्यात धूळ गेली, तर तो गाडी उशिरा सांगणार, नाहीतर सांगणारच नाही. मग येणारी गाडी जाणारी वाटते. तुमचं पान वर उडी मारतं ते यामुळे. माऊस मेलेला नसतो. त्याच्या डोळ्यात कचरा गेलेला असतो.

आणि हा बिघाड नुसता वैताग नाही. सरकारी फॉर्ममध्ये जिल्हा, तालुका, गाव अशा लांबलचक याद्या असतात. यादीवर कर्सर असताना चाकानं उलटी उडी मारली, तर निवडलेल्या गावाच्या जागी वरचं गाव बसू शकतं. काही ठिकाणी आकड्याच्या चौकटीत चाक फिरलं तरी आकडा बदलतो. ऑपरेटरच्या लक्षात आलं तर ठीक. नाही आलं तर दाखल्यावर चुकीचं गाव, मग दुरुस्तीचा अर्ज, मग प्रवेशाची मुदत संपलेली. पोराचं वर्ष पणाला लागतं, आणि मुळाशी असतो दांडीला गुंडाळलेला एक केस.

साफ कसं करायचं ते लिहितो. शेवटपर्यंत वाचा, कारण पुढचं भांडण यावरच आहे.

आधी खात्री करा. वायरलेस असेल तर सेल बदला. माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे नीट चालला तर दोष माऊसचा नाही. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, दुकानदाराकडे न्या आणि बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे.

वॉरंटी संपली असेल तर वायर काढा, सेल काढा. चाकाच्या फटीत ब्लोअरनं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकी आत जाते. तेवढ्यानं काम झालं तर उत्तम. नाही झालं तर माऊस उलटा करा. स्क्रू दिसले नाहीत तर खालच्या स्टिकरखाली किंवा गुळगुळीत पट्ट्यांखाली बोट फिरवून बघा, तिथे लपलेले असतात. झाकण ओढू नका, आत बारीक वायर असू शकते. चाक कसं बसलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, मग उचला. दांडीला गुंडाळलेले केस, धागे चिमट्यानं काढा. रबराचा मळ साबणाच्या पाण्यानं धुवा आणि चाक पूर्ण वाळवा.

चाकाला सायकलच्या स्पोकसारख्या फटी असतील आणि बाजूला दोन छोटे काळे ठोकळे असतील, तर तो प्रकाशावर चालणारा एन्कोडर. तिथे कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हातानं पुसा. दांडी एका छोट्या डबीत घुसत असेल तर तो यांत्रिक एन्कोडर, त्याच्या आत धातूच्या पट्ट्या घासतात. डबीच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंवा काँटॅक्ट क्लीनरचा एखाददुसरा थेंब सोडा, दांडी तीसचाळीस वेळा दोन्हीकडे फिरवा, वाळू द्या. खोबरेल तेल, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे असले प्रयोग करू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्या तेलावर आणखी धूळ बसते. एवढं करूनही जमलं नाही, तर पट्ट्या झिजल्या आहेत. मग एन्कोडर बदलायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत असे सुटे भाग मिळतात. जुन्याची उंची मोजून न्या, कारण तो ७, ९, ११ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या उंचीत येतो. तीन पायांना डाग द्यायचा, संपलं. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही पोराला हे काम डोळे झाकून जमतं.

साफसफाईला वीस मिनिटं लागतात. आता मला सांगा, हे वीस मिनिटांचं काम होत नाही म्हणून माणसं आठवडाभर का थांबतात?

पहिलं उत्तर येतं, "अहो, तीनशे रुपयांची वस्तू, एवढा कुटाणा कशाला?" ठीक आहे, हिशोब करू. माऊस तीनशेचा. पण तो येईपर्यंत मागणीपत्र, सही, दरपत्रक, बिल. तोवर दहा माणसं परत गेली. प्रत्येकाचा एसटीचा खर्च धरा, बुडालेली एक दिवसाची मजुरी धरा. तीनशेचा माऊस गावाला काही हजारांना पडला. फक्त ते हजार कार्यालयाच्या खात्यातून जात नाहीत, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत. दुसऱ्याच्या खिशातून गेलेला पैसा आपल्याकडे खर्चात धरत नाहीत.

दुसरं उत्तर कर्मचारी देतात, आणि ते मला पटतं. "उघडला आणि पार बंद पडला, तर जबाबदारी माझ्यावर. नवीन मागवला तर कुणी विचारत नाही." हे खरं दुखणं आहे. आपल्या व्यवस्थेत दुरुस्त करणारा जोखीम घेतो आणि फेकणारा सुरक्षित राहतो. निर्लेखनाच्या कागदावर 'दुरुस्तीयोग्य नाही' एवढा शेरा मारला की सुटका. तो शेरा मारण्याआधी झाकण कुणी उघडलं होतं का, हे विचारणारा रकाना कुठे आहे? कारकुनाला दोष देऊन भागणार नाही. ज्यांच्या हातात सही आहे त्यांनी उत्तर द्यायचं आहे.

तिसरी गोष्ट, फेकलेला माऊस जातो कुठे? आपल्या गावातल्या कचरा डेपोवर संध्याकाळी जाऊन बघा. वायरी जाळून तांबं काढणारी पोरं दिसतील. त्या वायरीवरच्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि तो आधी त्या पोरांच्या छातीत जातो. कायदा नाही असं नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यादीत कॉम्प्युटर आहे, त्याच्या जोडसाधनांसकट. कंपन्यांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. पण मोठा ग्राहक म्हणून जबाबदारी येते ती वर्षभरात किमान १००० उपकरणं वापरणाऱ्या संस्थेवर. आपली ग्रामपंचायत, आपली शाळा, आपलं सेवा केंद्र यांतलं कोण त्यात बसतं? कुणीच नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीसाठी नियम आहे, आपल्यासाठी भंगारवाला आहे.

दुरुस्तीच्या हक्काचंही तेच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगलंच केलं. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून ठरावीक वस्तूंवर 'ही किती सहज दुरुस्त होते' याचे दहापैकी गुण छापावे लागतात. सुरुवातीच्या यादीत लॅपटॉप, स्मार्टफोन होते. आपल्याकडे चर्चा झाली ती मोबाईल, गाड्या, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांची. माऊससारखी किरकोळ वस्तू कुणाच्या खिजगणतीत नाही. पण कचऱ्याचा ढीग किरकोळ वस्तूंचाच होतो, ट्रॅक्टरचा होत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. विहिरीवरची मोटार जळाली तर आपण ती विहिरीत ढकलून देतो का? रिवायंडिंगला नेतो. शिलाई मशीन जड झालं की तेल सोडतो. आपल्या आया स्टोव्ह भकभकला की पिन मारायच्या, नवीन स्टोव्ह आणत नव्हत्या. दुरुस्ती आपल्या रक्तात होती. मग कॉम्प्युटर म्हटलं की हात का थरथरतात? एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट घरोघरी भिंतीवर आहे, पण माऊसचे स्क्रू कुठे असतात हे माहीत नाही. आपण वापरायला शिकलो, उघडायला शिकलोच नाही.

आणि हो, दुरुस्तीवाल्यानं पन्नास रुपये मागितले की "साफ करायचे पन्नास?" म्हणून घासाघीस करणारेही आपणच. नव्या माऊसचे तीनशे निमूट देतो, माणसाच्या हाताच्या कसबाचे पन्नास जड जातात. मग तो पोरगा दुरुस्ती सोडून मोबाईलचे कव्हर विकायला बसला, तर त्याचं काय चुकलं?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. प्रत्येक कार्यालयात आणि सेवा केंद्रात एक डबा ठेवा. छोटा स्क्रूड्रायव्हर, ब्रश, चिमटा, अल्कोहोलची बाटली. आणि ड्रॉवरमध्ये एक जादा माऊस. माऊसमुळे काम थांबलं हे कारण यापुढे ऐकून घेतलं जाणार नाही.

२. निर्लेखनाआधी 'उघडून साफ करून पाहिला' असा शेरा आणि त्याखाली सही सक्तीची करा. उघडताना वस्तू बंद पडली तर कर्मचाऱ्यावर वसुली नाही, हेही लेखी द्या.

३. आयटीआयच्या मुलांचं महिन्यातून एक दुरुस्ती शिबिर भरवा. मुलांना हात साफ करायला मिळेल, शाळांचे बंद पडलेले माऊस चालू होतील. मुलांना मानधन द्या, फुकटात राबवू नका.

४. नगरपालिकेनं ई-कचऱ्याची वेगळी पेटी ठेवावी आणि तो माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यावा. डेपोवरचं जाळणं बंद करा.

५. खरेदी करताना अट घाला. स्क्रूनं उघडणारा माऊस आणि पुरेशी वॉरंटी असेल तरच घेऊ. सगळ्यात कमी दराचा म्हणजे सगळ्यात स्वस्त नव्हे.

यातल्या एकाही मागणीला मंत्रालयातून निधी आणावा लागत नाही. सभेत एक ठराव आणि किरकोळ खर्चातून काही शे रुपये, बस्स. ते जमत नसेल तर 'डिजिटल तालुक्या'चे फ्लेक्स तरी उतरवा.

तुम्हाला कुणी "माऊस खराब आहे" म्हणालं तर भांडू नका. शांतपणे विचारा, "साहेब, उघडून बघितला का?" एवढाच प्रश्न. दहा जणांनी दहा काउंटरवर विचारला, तर अकराव्याला पुढच्या आठवड्यात यावं लागणार नाही.

तुमच्याकडे कुठल्या काउंटरवर काय कारण सांगतात ते खाली लिहा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा. आणि कुणाला शिबिरात शिकवायला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, जागेची आणि चहाची सोय माझ्याकडे लागली.