छपरावर बाई का नको?

वळिवाचे दोन सडाके होऊन गेले होते, तेव्हाची गोष्ट. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही चौघीजणी शिडी लावून कौलारू घरावर चढलो. खाली निम्मी आळी जमली. एक म्हातारबा ओरडले, "पोरींनो, गावातलं गडी मेलं का काय?"

मेले नव्हते. पण ज्या बाईचं घर गळत होतं तिच्यासाठी वर चढायला त्यांतला एकही तयार नव्हता. नवऱ्यानं टाकलेली ही बाई दोन लेकरं घेऊन सासरच्या घरातल्या एका खोलीत राहते. दिरानं आपल्या बाजूचं पाखं शाकारून घेतलं, हिची बाजू मुद्दाम तशीच ठेवली. शाकारणाऱ्यालाही बजावलं, तिकडं हात लावू नको. तिनं विचारलं, "भावजी, पावसात लेकरं घेऊन कुठं बसू?" उत्तर मिळालं, "माहेरी जा की."

मैत्रिणींनो, बाईला घराबाहेर काढायला दर वेळी काठी लागत नाही. चार फुटकी कौलंही पुरतात.

बाईला हे काम झेपत नाही, असं सांगतात. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं. भरलेली घागर त्याहून कितीतरी जड, ती मात्र झेपते! स्लॅब पडताना घमेली डोक्यावरून वर कोण नेतं? बायाच नेतात. तरी त्या जन्मभर बिगारी राहतात, गवंडी होत नाहीत. प्रश्न ताकदीचा नाहीच. झारखंडच्या संथाळांमध्ये बाईनं नांगर धरायचा नाही आणि छप्पर शाकारायचं नाही, असा रूढीचा दंडक आहे. आपल्याकडेही नांगराला बाईचा हात चालत नाही, आणि छपराबद्दल 'शोभत नाही' एवढं म्हटलं की काम भागतं. जमीन आणि घर, या दोन्हींवर ज्या कामानं मालकी दिसते, नेमकं तेच काम बाईच्या हातून काढून घेतलेलं आहे.

आणि काम तरी केवढं! कौलं आढ्याकडून खाली काढत यायची आणि वळचणीकडून वर लावत जायची. वरच्या कौलानं खालच्याचं डोकं झाकलं पाहिजे, मागची खोच रिपेत बसली पाहिजे. कुजलेली रीप तेवढी बदलायची. पाय वाशावर द्यायचा, कौलावर नाही. कमरेला दोर बांधायचा. आम्हाला हे एका वयस्कर सुताराकाकांनी शिकवलं. पहिल्या दिवशी आम्ही सात-आठ कौलं फोडली. दुसऱ्या दिवशी एकही नाही.

आपल्यातल्याच काही जणी विचारतात, "चूल, मूल, रोजगार बाईच्याच डोक्यावर, आता छप्परही का?" प्रश्न रास्त आहे. घरच्या कामांत आणखी एका फुकट कामाची भर मलाही नको. पण जे येत नाही त्यासाठी हात जोडावे लागतात, आणि हात जोडणाऱ्या बाईला कोण कसं वागवतं ते आपण रोज पाहतो. शिवाय हे कसबाचं काम आहे. त्याला कारागिराची मजुरी मिळते, ती बाईला का मिळू नये?

2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं, घर नावावर नसलं तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला दिला आहे. या बाईनं संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज केलाय. पण निकाल लागेपर्यंत पाऊस थांबत नाही. कायदा आणि शिडी, दोन्ही लागतात.

हे काही आभाळातून पडलेलं नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या बायांनी परित्यक्तांच्या घरजागेचा प्रश्न लावून धरला. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या महिला मंडळांनी घरदुरुस्तीचं तंत्र शिकून घेतलं, कामावर देखरेख केली. मग आपण संस्थावाले अजून शिवणयंत्र आणि पापडातच का अडकलो आहोत? मी स्वतः समाजकार्यात एम.ए. केलं, बाईच्या प्रशिक्षणाचे किती प्रस्ताव लिहिले! एकातही हातोडी नव्हती. हा दोष माझाही आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक गटात निदान चौघींनी शाकारणी, सुतारकाम, गवंडीकाम शिकावं. प्रशिक्षणाचा पैसा त्यासाठी मागावा. मजुरी कारागिराची घ्यावी, बिगाऱ्याची नाही. आणि वर चढाल तेव्हा खाली उतरून ग्रामपंचायतीत जा, नमुना आठच्या उताऱ्यावर घर कोणाच्या नावावर आहे ते बघा.

त्या पावसाळ्यात तिची खोली गळली नाही. दीर अजून बोलत नाही. पण आळीतल्या दोघीजणी मला विचारून गेल्या, "ताई, ती शिडी कुणाची हो?"

शिडी गटाची आहे. मिरगाच्या आत घेऊन जा.