वाचून दाखवता येत नाही, म्हणून?

मध्य मुंबईतील एका धर्मग्रामाची स्मरणिका गेल्या प्रायश्चित्तकाळात निघाली. तिच्यासाठी उपयोजित कला शिकणाऱ्या लालबागच्या एका तरुणाने कविता दिली होती. संपादक मंडळाने ती साभार परत केली. शेरा असा : 'वाचून दाखवता येत नाही, म्हणून ही कविता नव्हे.' हा शेरा मला मान्य नाही. तो एका मुलापुरता असता तर मी लेखणी उचलली नसती. परंतु अक्षराविषयी आपण सारेच किती बेफिकीर झालो आहोत, हे त्या एका वाक्यात उघडे पडले आहे.

प्रथम ती कविता पाहा. पानाच्या माथ्यावर जाड शिरोरेषा आणि तिला लटकलेला शब्द 'तहान'. दुसऱ्या ओळीत 'त' गळून पडतो, राहते 'हान'. मग पुष्कळ कोरी जागा. आणि खाली 'न'ही जाऊन उरते एकटे 'हा'. त्याचा काना मात्र शिरोरेषेला छेदून वर डोके काढतो आणि पानाच्या तळापर्यंत उतरतो. एवढेच. क्रुसावरचा पाचवा उद्गार ज्याला ठाऊक आहे, त्याला 'हा' म्हणजे कोण हे विचारावे लागत नाही. शेवटचा श्वासही तोच आणि बोट दाखवणारे सर्वनामही तेच.

ही कविता रोमन लिपीत लिहिता आली नसती, याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. रोमन अक्षरे जमिनीवर उभी राहतात. आपली देवनागरी वरच्या आडव्या रेषेला टांगलेली असते. आडवी रेषा आणि तिला येऊन मिळणारा उभा काना! शाळेच्या पाटीवर आपण हजारदा गिरवलेली ही आकृती. तिच्यात काय दडले आहे हे त्या मुलाने पाहिले. कवीने याहून अधिक काय करायचे असते?

'पण हे जाहिरातवाल्यांचे खेळ आहेत,' असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकवले. मराठीत ज्यांनी हा प्रकार मनापासून हाताळला ते र. कृ. जोशी जाहिरातीच्या व्यवसायात होते, हे खरे आहे. अक्षरांच्या रचनेतूनच अर्थ उभा करणाऱ्या कविता त्यांनी केल्या. पुढे पवईच्या आय. आय. टी. मध्ये अध्यापन केले. आणि संगणकावर ज्या 'मंगल' अक्षरात असंख्य लोक मराठी वाचत आले, ते अक्षरही त्यांच्याच हातचे. २००८ साली ते निवर्तले. त्यांच्या हाताला अक्षराचे वळण कळत होते म्हणूनच त्यांना त्यातील कविता दिसली. अरुण कोलटकरही जाहिरात क्षेत्रातले नामांकित ग्राफिक डिझायनर. त्यांच्या १९७६ च्या इंग्रजी 'जेजुरी'त, संग्रहाच्या शेवटाकडे, ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांऐवजी वर-खाली या अर्थाचे शब्दच पानभर उड्या घेतात. पोटासाठी केलेला धंदा कवितेला विटाळतो असे ज्यांना वाटते, त्यांनी तंबू शिवून पोट भरणाऱ्या संत पौलाची पत्रे वेदीवरून वाचायची कशी, तेही सांगावे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. युरोपात या प्रकाराला काँक्रीट कविता असे नाव पडले आणि ते ऐकताच आपल्या माणसाला सिमेंट-खडी आठवते. (गंमत अशी की, दादरच्या पोर्तुगीज चर्चची आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी काँक्रीटमध्येच घडवली, १९७७ साली ती पुरी झाली. तिथे गुडघे टेकताना भाविकांना काँक्रीट परके वाटत नाही.) पण ही रीत मुळात परकी नाही. संस्कृतातील चित्रकाव्य पाहा. पद्मबंध, खड्गबंध, सर्वतोभद्र. भारवी आणि माघ यांच्या महाकाव्यांत असे सर्गच्या सर्ग आहेत. आणि ख्रिस्ती परंपरेचे म्हणाल, तर नवव्या शतकाच्या आरंभी फुल्डाच्या मठातील रबानस माउरस या साधूने क्रुसाच्या स्तुतीची अठ्ठावीस आकृतिकाव्ये रचली. अक्षरांच्या भरगच्च चौकटीत क्रुसाची आकृती, आणि त्या आकृतीत सापडलेली अक्षरे सलग वाचली तर त्यांचे वेगळेच पद्य. इंग्लंडमध्ये जॉर्ज हर्बर्ट या धर्मोपदेशकाची पंखांच्या आकाराची पुनरुत्थानाची कविता १६३३ साली छापली गेली. आपल्याच काळातले डॉम सिल्व्हेस्टर हौएदार (मृत्यू १९९२) हे बेनेडिक्टाईन संघाचे धर्मगुरू. जेरुसलेम बायबलच्या इंग्रजी आवृत्तीच्या कामात त्यांचा वाटा होता; आणि तोच मनुष्य मठात बसून टंकलेखन यंत्रावर अक्षरांचे, विरामचिन्हांचे आकार उभारीत होता. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना 'वाचून दाखवता येत नाही' असे सांगून मठाबाहेर काढले नाही.

विरोधकांच्या बाजूची एक गोष्ट मी मान्य करतो, कारण ती रास्त आहे. मम्मटाने चित्रकाव्याला सर्वांत खालची पायरी दिली, ती उगाच नव्हे. आकार जेव्हा केवळ कसरत होतो, तेव्हा वाचकाच्या हाती कोडे लागते, कविता लागत नाही. तेव्हा कस एकच लावावा : आकार काढून घेतला तर अर्थ उणावतो का? 'तहान'चे तीन शब्द साध्या ओळीत टाईप करून पाहा. काही उरत नाही. म्हणजे तिथे आकार हाच आशय आहे.

आता हाच कस आपल्या नेहमीच्या व्यवहाराला लावू. रोज पहाटे आपल्या दूरध्वनीवर शुभवर्तमानातील वचने येऊन पडतात. मागे गुलाब, कबुतर, सूर्यास्त, नाहीतर स्वित्झर्लंडचा बर्फ. नोव्हेनाच्या फलकावर सोनेरी, फुगवलेली, सावली पाडलेली अक्षरे आणि वर आश्रयदात्यांचे हसरे चेहरे. गुलाब काढला तर वचनाचे काय बिघडते? काहीच नाही. कबुतराजागी मोर बसवला तरी चालते. शब्द आणि चित्र एका चौकटीत कोंबले, पण त्यांची ओळखही झाली नाही. त्याला मात्र आपण भक्तिभावाने 'आमेन' लिहून पुढे पाठवतो. ज्या कवितेत एक काना क्रूस होतो, ती परत जाते. ज्या फलकावर अक्षराचा फुगा होतो, तो चर्चच्या दारावर लागतो. माझा राग या उलट्या न्यायावर आहे.

शब्दाने देह धारण केला, या श्रद्धेवर आपण उभे आहोत. शब्द नुसता कानापुरता ठेवणे आपल्याला तरी शोभत नाही.

शिवाय मराठी ख्रिस्ती माणसाला अक्षराच्या देहाची किंमत इतरांहून अधिक कळायला हवी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, ते रोमन लिपीत. ती त्यांची आवड नव्हती. १६०८ च्या पत्रात त्यांनी रोममधील वरिष्ठांना कळवले होते की, या देशाच्या लिपीत ग्रंथ छापण्याची आपली फार इच्छा आहे; साचे ६०० च्या घरात जातात, पण ते २०० पर्यंत आणता येतील. ते घडले नाही. मराठीचा इतका गोडवा गाणारा कवी, आणि त्याचे पुराण परक्या वस्त्रात छापले गेले. कारण खिळे नव्हते. (मुद्राक्षरांना आणि क्रुसावरच्या खिळ्यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, हे त्या लालबागच्या मुलाला मी अजून सांगितलेले नाही.) देवनागरीचे देखणे खिळे पुढे मुंबईतच घडले. गिरगावच्या हाकेच्या अंतरावर, काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत, जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ साली सुरू झाला; राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर एकेक अक्षर कोरले. आणि याच गिरणगाव परिसरात वाढलेल्या अच्युत पालव यांना मोडी-देवनागरीच्या सुलेखनासाठी २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

एवढा वारसा दाराशी असताना आपली मुले काय करतात? आईला 'उशीर होईल' एवढा निरोपही रोमन अक्षरांत धाडतात. स्टीफन्स यांना दुसरा मार्ग नव्हता. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज देवनागरीची संपूर्ण अक्षरमाला फुकट पडली आहे. मुलांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. देवनागरीत काही सुंदर, काही तिच्याच पोटातून आलेले करून दाखवणारा एक मुलगा पुढे आला, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला दार दाखवले. दुसरा कशाला येईल?

येत्या नाताळच्या भित्तिपत्रिका अजून कोऱ्या आहेत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील धर्मग्रामांत उपयोजित कला शिकणारी मुले-मुली आहेत. धर्मगुरूंनी त्यांना घरी बोलावून प्रत्येकी एक पान द्यावे. भाषा मराठी, लिपी देवनागरी. ब्रश, बोरू, संगणक, काहीही चालेल. गुलाबाचे छायाचित्र चालणार नाही.