घरचें विज्ञान : गच्चीवरील सांधे

संधिप्रकरण शिकवितांना मी मुलांस सांगत असें कीं, दोन वर्ण नुसते शेजारीं बसल्यानें संधि होत नाहीं; मध्यें अंतर उरतां कामा नये. अशा अत्यंत सान्निध्यास पाणिनीनें 'संहिता' हें नांव दिलें आहे. तारांसही हाच नियम लागू आहे, हें मात्र मला आमच्या गच्चीनें शिकविलें.

गेल्या वैशाखांत आमच्या सौर संचाची वीज कमी येऊं लागली. कारागिरानें फलकांखालीं पाहिलें, तों एक कनेक्टर काळा पडून अर्धवट वितळलेला! त्याचीं दोन अंगें दोन निरनिराळ्या कारखान्यांचीं होतीं. वरून तीं चपखल बसलेलीं दिसत. आंत धातूस धातु पुरता भिडत नव्हता. शिवाय तारेचें टोंक साध्या पकडीनें चेपलेलें होतें.

सैल सांधा तापतो कां? विजेनें तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणांत असते, हें जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलें. प्रवाह १० अँपियर व सांध्याचा रोध अवघा अर्धा ओहम धरला, तरी ५० वॅट उष्णता बोटाएवढ्या जागेंत कोंडते. तापलेला धातु गंजतो, गंजानें रोध वाढतो, रोधानें पुन्हा ताप वाढतो. आणि बाहेरून बरेच दिवस कांहींच दिसत नाहीं.

दुसरा धोका याहून मोठा आहे. घरांतील वीज प्रत्यावर्ती. ती सेकंदास शंभर वेळां शून्यावर येते, म्हणून बटण बंद करतांना उडालेली ठिणगी तत्काळ विझते. फलकांची वीज एकदिश, म्हणजे कारागिरांच्या भाषेंत डीसी. ती शून्यावर येतच नाहीं. सहा फलक एकापुढें एक जोडले कीं २५० ते ३०० व्होल्ट दाब सहज होतो. अशी चालू जोडणी भर उन्हांत ओढून सोडविली, तर दोन टोंकांमध्यें ज्योत पेटते आणि पेटतीच राहते. त्या दिवशीं आमचे धाकटे चिरंजीव नेमकें तेंच करण्यास पुढें सरसावले होते. कारागिरानें त्यांचा हात धरला. आधीं इन्व्हर्टर बंद करावा, मग डीसी स्विच, आणि त्यानंतरच जोडणीस हात लावावा, तोही जाणत्यानें. फलकांवर प्रकाश आहे तोंवर तारांत दाब असतोच.

फेब्रुवारी २०२४ मध्यें पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून असे संच पुष्कळ घरांवर चढले आहेत. काम ताब्यांत घेतांना घरच्या कर्त्यानें इतकें तरी पाहावें. कनेक्टरचीं दोन्ही अंगें एकाच कारखान्याचीं व एकाच जातीचीं असावींत. टोंकें त्यासाठींच असलेल्या दाबयंत्रानें चेपलेलीं असावींत. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा कोठेंही नसावा. तार कलई केलेल्या तांब्याची व उन्हास टिकणारी असावी. जोडण्या गच्चीवर लोळत न ठेवतां फलकांखालीं चौकटीस बांधाव्या, म्हणजे त्या सांचलेल्या पाण्यांत राहत नाहींत. दरवर्षीं मृगापूर्वीं एकदां जाणत्या कारागिराकडून सर्व सांधे तपासून घ्यावे.

आमचा संच बसला तेव्हां मीं फलकांची किंमत विचारली, आयुष्य विचारलें, अनुदान विचारलें. सांध्यांविषयीं एक अक्षर विचारलें नाहीं. वाचकांनीं तो प्रश्न सर्वांआधीं विचारावा.