खुली जागा म्हणजे कुणाची?

निवडणुकीआधी वॉर्डांची सोडत निघते. चिठ्ठी बाहेर आली की गावात, गल्लीत चर्चा सुरू, ‘यंदा वॉर्ड महिलेला सुटला’ नाहीतर ‘यंदा खुला आहे’. डिसेंबर 2025 मध्ये राज्यात नगरपालिकांच्या आणि जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हाही हेच कानावर पडत होतं. सरकारी कागदावर या जागेला ‘सर्वसाधारण’ म्हणतात. म्हणजे तिथून बाईही उभी राहू शकते, पुरुषही. पण बोलण्यात ‘खुला’चा अर्थ कधीच ‘पुरुषांचा’ असा होऊन बसलाय. गंमत म्हणजे हा अर्थ फक्त पुरुषच लावतात असं नाही.

मुदत संपत आलेल्या काही ग्रामपंचायत सदस्य बायकांशी मध्यंतरी माझं बोलणं झालं. पुन्हा का उभ्या राहत नाही, असं विचारल्यावर बहुतेकींनी सांगितलेली कारणं अगदी खरी होती. पैसा लागतो, भावकी आडवी येते, पॅनेलवाले विचारत नाहीत. एक बाई मात्र वेगळं बोलली. नळयोजनेची टाकी किती लिटरची, वीजबिल किती थकलंय, पाणीपट्टी कोणी बुडवली, सगळं तिला तोंडपाठ. म्हटलं, मग यंदाही राहा की उभ्या! तर म्हणाली, ‘ताई, आता जागा आमची नाही ना. पाच वर्षं मिळाली, झालं. आता गडीमाणसांची पाळी.’ त्यात तक्रारीचा सूर नव्हता. एसटीतली महिलांची सीट सोडावी तितक्या सहजपणे ती बोलली. सर्वसाधारण जागेवर बाईलाही अर्ज भरता येतो, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

‘आपल्याला जमायचं नाही’ हे वाक्य बाईच्या मनातून कसं काढायचं, याची शिबिरं हल्ली जागोजागी भरतात. आरशासमोर उभं राहा, ‘मी करू शकते’ असं रोज म्हणा, वगैरे. कोणाला त्याचा फायदा होत असेल तर आनंदच आहे. पण वरच्या बाईला आरसा देऊन काय करणार? काम जमतं हे तिला माहीत आहे. ते काम आपलं आहे, असं तिला वाटत नाही. आणि हे तिच्या एकटीच्या डोक्यात उगवलेलं नाही, गावानं तिला पढवलेलं आहे.

पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात यावर फार चांगला अभ्यास झालाय. 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. तिथे कोणत्या गावचं प्रधानपद महिलेसाठी राखीव ठेवायचं, हे एका ठरावीक पद्धतीनं, कोणाच्या मर्जीविना ठरत होतं. त्यामुळे बाई प्रधान झालेली आणि न झालेली गावं ताडून बघता आली. गावकऱ्यांना एकाच भाषणाची टेप ऐकवली, कुठे पुरुषाच्या आवाजात, कुठे बाईच्या. जिथे बाई प्रधान कधी झालीच नव्हती, तिथे पुरुषांना बाईच्या आवाजातलं तेच भाषण कमी दर्जाचं वाटलं. जिथे बायकांचा कारभार बघितला होता, तिथे हा फरक जवळपास उरला नाही.

2012 मध्ये त्यांचा दुसरा निबंध आला, तो मुलींविषयी. आई-बाप मुलासाठी जितकी मोठी स्वप्नं बघतात तितकी मुलीसाठी बघत नाहीत, हे आपण घरोघर बघतो. ज्या गावांत प्रधानपद दोन मुदतींत महिलेकडे होतं, तिथे आई-बापांच्या अपेक्षांमधली ही दरी 25 टक्क्यांनी कमी झाली. खुद्द मुला-मुलींच्या स्वतःबद्दलच्या अपेक्षांमधली दरी 32 टक्क्यांनी घटली. शिक्षणातला फरक तर पुसला गेला. मुलींसाठी गावात काही नव्या नोकऱ्या आल्या नव्हत्या. रोज एक बाई खुर्चीत बसलेली दिसत होती, इतकंच. पण ती दोन मुदतींत दिसली, हे विसरू नका.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. महाराष्ट्राची सुरुवात खरं तर चांगली होती. शेतकरी संघटनेच्या प्रेरणेनं जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये 1989 मध्येच अख्खी ग्रामपंचायत बायकांची झाली होती. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. 2011 मध्ये राज्यानं त्या निम्म्या केल्या. पण जागा फिरत्या. बाईला हिशेब वाचता यायला, ग्रामसेवकाला अडवून विचारायला दोन-तीन वर्षं जातात, आणि कुठे हात बसतो तोच वॉर्ड ‘खुला’ होतो! पुढच्या वेळी दुसऱ्या वॉर्डात दुसरी नवखी. मग ‘बायकांना कारभारातलं कळत नाही’ म्हणायला लोक मोकळे.

सरपंचपतींचा विषय यालाच जोडून येतो. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं 2023 मध्ये त्यावर समिती नेमली. फेब्रुवारी 2025 मध्ये तिचा अहवाल आला. पत्नीच्या जागी कारभार हाकणाऱ्या नवऱ्यांना जबर दंड करावा, असं तो सुचवतो. करावा जरूर. पण पहिल्या मुदतीत नवऱ्याला विचारून चालणारी प्रत्येक बाई बाहुलीच असते, असं मला वाटत नाही. नवा पुरुष सदस्यही कोणाला तरी विचारूनच शिकतो, फक्त त्याला त्यावरून कोणी हिणवत नाही. तिला दुसरी मुदत मिळते का, यावर माझी नजर आहे. संसदेनं सप्टेंबर 2023 मध्ये मंजूर केलेल्या महिला आरक्षणातही जागा फिरत्याच आहेत, म्हणजे उद्या खासदार बाईलाही हाच प्रश्न येणार.

सध्या हाताशी असलेली एक गोष्ट म्हणजे महिला ग्रामसभा. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावी, असा कायदाच आहे. कितीतरी गावांत नुसतं रजिस्टर घरोघर फिरतं आणि भाकरी थापता थापता सह्या होतात. पुढच्या खेपेला शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला तर सही करण्याआधी विचारा, सभा कधी आहे आणि कुठे? आणि पाच वर्षं काम केलेली बाई तिथे भेटलीच, तर सर्वसाधारण जागेचा अर्थ तिला सांगा.